एप्रिलमध्ये छाटलेला मोगरा

बागकामाने मन शांत होतं असं म्हणणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. त्याच्या हातात मी खुरपं देईन, त्याला मावशीच्या अंगणातल्या लव्हाळ्यासमोर बसवेन आणि संध्याकाळी सहा वाजता त्याचं मन कुठवर शांत झालं ते विचारेन. मी आठ महिने ती बाग केली. त्या आठ महिन्यांत जितकी चिडले तितकी एकतीस वर्षं गणित शिकवताना चिडले नव्हते, आणि शाळेत माझा राग प्रसिद्ध होता.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. नाशिक रोडला एका जुन्या कॉलनीत तिचं बैठं घर आहे. दोन खोल्या, वर कौलं, पुढे ओटा आणि घराच्या तिप्पट अंगण. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी तिला नोकरी लागली, ती तिने निवृत्तीपर्यंत केली आणि बाकीचा सगळा जीव अंगणात ओतला. देशी गुलाब, तगर, जास्वंद, भुईचाफा, काय नव्हतं तिथे. पण सगळ्या नातलगांत नाव होतं ते तिच्या मोगऱ्याचं. भिंतीकडेने नऊ झुडपं. उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशीच वास यायचा आणि रिक्षावाले मान वळवून बघायचे.

दोन वर्षांपूर्वी ती ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मी तिला इंदिरानगरला माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. दोन महिन्यांसाठी आलेली मावशी सव्वा वर्ष झालं तरी होतीच. काठी घेऊन चालायला लागली, स्वतःची आंघोळ स्वतः करायला लागली, तरी घरी जायचं नाव काढेना. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसायची आणि समोरच्या इमारतीची भिंत बघायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायची नाही, जास्त पडलं तरी नाही. जी बाई भांडत नाही तिच्याबरोबर एका घरात राहणं फार कठीण असतं.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ एक प्रस्ताव घेऊन आला. तो दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग बघतो. मावशीच्या कॉलनीतली निम्मी घरं पाडून तिथे सहा-सात मजली इमारती झाल्या होत्या आणि कुणा बिल्डरचा माणूस त्याला गाठून बोलला होता.

"मावशी, दोन फ्लॅट देतोय तो. एकात तू राहा, एक भाड्यानं दे. वाईट नाय," भाऊ म्हणाला.

"कागद आण. सही करते," मावशी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं जिने एका अंगणासाठी हाताची बोटं वाकडी करून घेतली ती बाई ते असं दूधवाल्याच्या वहीवर सही करावी तसं देऊन टाकते? मी म्हटलं, "निदान एकदा घर तरी बघशील?"

"काय बघू? वाळलेली काटकं?"

"वाळलेली नसली तर?"

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "अक्षय्य तृतीयेला ने मला. राहण्यासारखं काही उरलं असेल तर राहीन. नाहीतर त्याच दिवशी सही."

सप्टेंबर चालू होता. मी त्याच आठवड्यात नाशिक रोड गाठलं. ती हरू नये असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं. आणि ती माझ्या गॅलरीतून एकदाची उठावी असंही वाटत होतं, हेही तितकंच खरं. दोन्हींपैकी कोणतं जास्त, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

फाटक उघडेना. आतून गाजर गवत छातीइतकं वाढून फाटकाला टेकलं होतं. ढकलून, लाथा घालून वीतभर फट केली आणि आडवी होऊन आत शिरले. घाणेरी कौलांपर्यंत पोचलेली, आघाड्याचे काटे साडीला, नळाशी अळूचं जंगल. पहिल्या दिवशी चार तास उपटत बसले आणि रात्रीपर्यंत दोन्ही हातांवर गांध्या उठल्या. गाजर गवताला उघड्या हाताने हात लावायचा नसतो हे मला डॉक्टरने सांगितलं. आपण शेतकऱ्याच्या घरात वाढलो या गुर्मीत मी हातमोजे घेतले नव्हते.

ती गुर्मी हीच माझी खरी अडचण होती. लहानपणी मी द्राक्षाच्या मांडवाखाली अभ्यास केला, पण हातात कधी कात्री धरली नाही. शेती माझ्या डोळ्यांसमोर झाली होती, माझ्या हातून नव्हे. हा फरक मला बागेने एकेक फटका देऊन शिकवला. ऑक्टोबरात एका वाफ्यात सगळी पानं सुकून गेलेली दिसली म्हणून मी तो खणून काढला, आणि निघालेल्या कुजकट गाठी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. तो भुईचाफा होता. थंडीत पानं गळून तो जमिनीखाली झोपतो आणि उन्हाळ्यात नुसत्या मातीतून फूल काढतो. हे मला फेब्रुवारीत एका रोपवाटिकेतल्या बाईने सांगितलं, तेव्हा गाडी केव्हाच गेली होती.

याहून वाईट म्हणजे शेवंती. ओट्याजवळ कातरलेल्या पानांची छान रोपं उगवली होती. मी ती दीड महिना जपली. भोवती आळी केली, शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. मोबाईलवर फोटो काढून मावशीला दाखवले. "शेवंती आलीय बघ ओट्यापाशी."

मावशीने चष्मा वर करून फोटो नीट बघितला. "छान आहे," म्हणाली.

ते गाजर गवत होतं. त्याला पांढरी बारीक फुलं आली तेव्हा मला कळलं. आणि मावशीला पहिल्या फोटोतच कळलं होतं! मी घरी येऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगून बाग होत नाही."

मी ताट आपटलं. खरंच आपटलं, वाटीतलं वरण स्वयंपाकाच्या ओट्यावर सांडलं. कोणत्या झाडाला किती पाणी, कुठे काय पुरलंय, काय उपटायचं नाही, एवढं सांगायला तिला काय पडत होतं? मी तिच्यासाठी उन्हात मरत होते. ती मात्र परीक्षकासारखी बसून माझे मार्क कापत होती.

डिसेंबरात मी सकाळी लवकर जायला लागले आणि तिथे मला चोर सापडला. शेजारच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ. स्वेटर, कानटोपी, एका हातात आकडी लावलेली काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. आमच्या तगरीची फांदी आकडीने खाली ओढून ते निवांत फुलं तोडत होते.

"काय चाललंय?" मी म्हटलं.

"देवाला घेतो चार," ते म्हणाले. लाज नाही, घाई नाही.

"देव तुमच्या घरात आणि झाड आमच्या? एक कुंडी ठेवा ना तुमच्या गॅलरीत. देवाला चोरीची फुलं चालतात असं कोणत्या पोथीत लिहिलंय?"

"अहो मॅडम, मी रोजच..."

"रोजच! वर हे सांगताय!"

मी बोलत राहिले. कॉलनीतल्या दोन खिडक्या उघडल्या. नाशकात सकाळी फिरायला निघणारी निम्मी माणसं दुसऱ्यांच्या झाडांवर देवपूजा उरकतात, हे मी आयुष्यभर बघत आले होते. त्या सगळ्यांच्या वाट्याचं मी त्या एका माणसाला ऐकवलं. त्यांनी पिशवी उलटी करून फुलं आमच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. त्याच दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं. फार बरं वाटलं मला.

मार्च सरेपर्यंत अंगणाला रूप आलं. गुलाब फुटले. जास्वंद माणसात आली. आणि मोगरा! नऊच्या नऊ झुडपं जिवंत होती. सव्वा वर्ष बिनपाण्याचं राहूनही जगलेलं हे चिवट झाड बघून मला भरून यायचं. फांद्या अस्ताव्यस्त वाढल्या होत्या, भिंतीवरून पलीकडे लोंबत होत्या आणि मध्ये वाळक्या काड्यांचं जाळं होतं. अक्षय्य तृतीयेला तीन-साडेतीन आठवडे राहिले होते. मला सगळं नीटनेटकं हवं होतं. मी भावाला बोलावलं.

पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झालं नसतं. द्राक्षवाल्याच्या घरात एप्रिल महिना म्हणजे कात्री. वर्षभर माल दिलेल्या वेलीची प्रत्येक काडी एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखून कापायची, वेल बोडकी करायची. याला खरड छाटणी म्हणतात. पुढच्या हंगामाची काडी त्यातून तयार होते. आमचे वडील म्हणायचे, एप्रिलला ज्याचा हात आखडला तो ऑक्टोबरला रडला. आम्ही भावंडं हे वाक्य पाढ्यांबरोबर पाठ करत मोठी झालो. एप्रिलमध्ये झाडावर दया करणं हा आमच्याकडे मूर्खपणा.

भाऊ आला, भिंतीकडेने एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, लय माजलंय हे. माझ्याकडे छाटणीच्या बाया आहेतच. उद्या आणतो, दोन तासांत मोकळं करू."

दुसऱ्या दिवशी जीपमधून चार बाया आल्या. सुरगाण्याकडच्या, दरवर्षी छाटणीला आमच्या मळ्यात उतरणाऱ्या. त्यांचे हात कात्रीवर असे चालत होते की बघत राहावं. त्यांच्यातली वयाने मोठी बाई पहिल्या झुडपाशी थांबली. तिने एक फांदी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, याला तं कळ्या हायेत. कापू का?"

मला कळ्या दिसल्या. पानांच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या, हिरव्या, शेकड्याने. मी आंधळी नव्हते. पण भाऊ मागून म्हणाला, "काप, काप. जोमात येतंय मग." आणि मलाही वडिलांचं वाक्य आठवलं, आणि चार बायांसमोर आपल्याला काही कळत नाही असं दिसायला नको वाटलं.

"काप," मी म्हटलं.

तिने दोनदा विचारलं नाही. दुपारपर्यंत नऊ झुडपांचे नऊ खुंट झाले, प्रत्येकी वीतभर उंचीचे. टोकं कुजू नयेत म्हणून भावाने त्यांना मोरचुदाची निळी पेस्टसुद्धा लावून दिली. भिंत बऱ्याच दिवसांनी स्वच्छ दिसत होती. मी चहा केला, सगळ्यांना दिला आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्यांनी भिंतीवरून डोकं काढलं. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच. खुंटांकडे बघत ते नुसते उभे राहिले.

"मोगरा आत्ता कापला? अहो, मोगरा संक्रांतीनंतर छाटतात. आत्ता तर बहर येतो त्याला."

मी काहीतरी खेकसले असेन. पण ते खरं बोलत होते. वेलीला फळ ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतं, म्हणून एप्रिलमध्ये तिच्यावर गमवण्यासारखं काही नसतं. मोगऱ्याचा तर सगळा उन्हाळा तेव्हा फांदीवर असतो. एवढं साधं गणित. गणिताच्या बाईला आलं नाही.

मी मनात ठरवलं होतं की मावशीला काही सांगायचं नाही, काहीतरी कारण काढून जाणं पावसाळ्यापर्यंत ढकलायचं. घरी आले तर ती गॅलरीत होती. मागे न वळता म्हणाली, "कापला म्हणे मोगरा."

शेजाऱ्यांनी फोन केला होता.

"त्या फुलचोराला तुझा नंबर कुणी दिला?" मी ओरडले.

"चोर कोण? मी पडल्यापासून पाणी कोण घालत होतं त्या मोगऱ्याला? रोज भिंतीवरून पाइप टाकायचा बिचारा. फुलं मीच घे म्हणून सांगितलेलं. तू कुलूप घातलंस."

चिवट झाड! आणि ज्याने ते जगवलं त्याची मी कॉलनीसमोर अब्रू काढली होती. मग मी भावाला फोन लावून पाऊण तास भांडले. तो म्हणाला, "ताई, काप तूच म्हणालीस." हे खरं होतं म्हणून मी आणखी भांडले. शेवटी तो म्हणाला, "बरं मग, त्या दिवशी कागद घेऊन येतो." मी फोन ठेवला आणि रडले, तेही रागाने.

मी त्या शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली. ते "असू द्या" म्हणाले. त्याने मला आणखीच लाज वाटली.

अक्षय्य तृतीयेला मावशी पहाटेच तयार होऊन बसली. एक पिशवी भरली होती तिने. औषधं, दोन लुगडी, चष्म्याचं घर. भाऊ गाडी घेऊन आला. कागद पुढच्या सीटवर होते. सबंध रस्ताभर मी माझं भाषण जुळवत होते. चूक माझी, एक वर्ष दे, पुढच्या उन्हाळ्यात बघ.

फाटक मी उघडलं. मावशी काठी टेकत आत आली. गुलाबांकडे तिने बघितलं नाही, जास्वंदीकडे बघितलं नाही. सरळ भिंतीशी गेली. खुंटांना एव्हाना फुटवे आले होते, बोटभर, पोपटी, नुसती पानं. एकालाही कळी नव्हती. ती एकेका खुंटाला काठीने हलकेच शिवत नवव्यापर्यंत गेली.

"मेला नाही," ती म्हणाली. "मरायचाही नाही. तुमच्यासारख्यांना पुरून उरेल तो."

"मावशी, चूक माझी..."

"यंदा एक फूल नाही?"

"नाही."

"बरं झालं." ती ओट्यावर बसली आणि काठी बाजूला ठेवली. मला वाटलं ती मला टोचून बोलते आहे. पण तिचा चेहरा मोकळा होता. जवळजवळ दोन वर्षांत मी तिला तसं बघितलं नव्हतं. "यंदा कुणी पाटी घेऊन दारात यायचं नाही. चाळीस वर्षं आले. लग्न आहे मावशी, फुलं दे. मुंज आहे काकू, फुलं दे. कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं बारसं. यंदा काय न्यायचं ते नेऊ देत. काटकं न्या म्हणावं." मग ती भावाला म्हणाली, "कागद परत ने. आणि माझी पिशवी आत ठेव."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याला काही कळलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, मी जिंकले होते. पण माझं डोकंच तापलं. आठ महिने मी ती बाग फुलवायला मेले आणि ती राहणार होती बाग फुलली नाही म्हणून? मी तसं म्हटलंही. चांगलं मोठ्याने म्हटलं. आम्हाला फुलं द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतंस. कुणी जबरदस्ती केली होती?

मावशी माझ्यावर चिडली नाही. ओट्यावरची धूळ हाताने झटकत म्हणाली, "तुझ्या डोहाळजेवणाला दोन पाट्या दिल्या होत्या मी. पहाटे चारपासून तोडत होते. तुझ्या आईने पंचवटीच्या कार्यालयातून रिक्षा पाठवली. पाट्या पायाशी ठेवल्या." तिने पदराला हात पुसले. "मागची सीट रिकामीच गेली."

भावाने पिशवी उचलली आणि तो आत गेला.

त्या दिवसाचा माझा फोटो आहे. आरशासमोर पाठमोरी बसवलेली मी, वेणीपासून कमरेपर्यंत मोगरा, हातात मोगऱ्याचे बाजूबंद. कार्यालयभर वास सुटला होता आणि येणारी प्रत्येक बाई विचारत होती, फुलं कुठली हो? मावशीच्या बागेतली, असं मीच सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. ती विधवा, त्यातून मूल नसलेली, म्हणून तिला ओटीला बोलावायचं नाही हे आईने ठरवलं होतं, आणि आई आता भांडायला नाही. पण मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, शिकलेली होते, शाळेत नोकरीला होते. वाटेल त्याच्यावर आवाज चढवण्याची सवय तेव्हाही होतीच. आणि मावशी कुठे आहे, असं मी त्या दिवशी कुणालाही विचारलं नव्हतं.